साथीमुळे आंतरराष्ट्रीय परिषद पुढे ढकलायची वेळ आली तर: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

८ मार्च २०२० हा रविवार होता. आमची परिषद ७ एप्रिलपासून चार दिवस वाशीतल्या एका हॉटेलात भरायची होती. हॉटेलच्या करारात एक ओळ होती: कार्यक्रमाच्या ३० दिवस आधीपर्यंत कळवलं तर आगाऊ रक्कम पूर्ण परत, त्यानंतर कळवलं तर निम्मी. तिसावा दिवस म्हणजे तोच रविवार. समितीतल्या एकालाही ती ओळ आठवत नव्हती. सोमवारी होळी, मंगळवारी धुळवड, म्हणून बैठक बुधवारी, ११ तारखेला ठेवली होती. दोन तास बोलून "आणखी आठवडाभर वाट बघू" असं ठरलं आणि आम्ही घरी गेलो. त्याच रात्री जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं, आणि भारत सरकारने मोजके अपवाद सोडून आधी दिलेले सगळे व्हिसा १३ मार्चपासून १५ एप्रिलपर्यंत स्थगित केले. आमचे १४ देशांतले ३८ पाहुणे एका रात्रीत येऊ शकेनासे झाले, आणि परिषद पुढे ढकलणं भाग पडलं.

मी त्या परिषदेची संयोजन सचिव होते. पुढची अडीच वर्षं ते निस्तरण्यात गेली. काय जमलं, काय चुकलं आणि आता पुन्हा वेळ आली तर कोणत्या क्रमाने करेन, ते इथे लिहिते आहे. ठाणे-नवी मुंबईतली कितीतरी कॉलेजं आणि संशोधन संस्था अशा परिषदा भरवतात. त्यांच्या कपाटात हा कागद असावा, एवढीच इच्छा.

पायरी १: उलटी दिनदर्शिका, साथ नसतानाच

परिषदेचं वेळापत्रक सगळेच करतात. त्याच दिवशी दुसरं एक कोष्टक करा. त्यात परिषदेच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजत यायचं आणि कोणत्या तारखेला कोणता पैसा किंवा कोणती परवानगी हातातून जाते ते लिहायचं. हॉटेलची शेवटची तारीख, राखून ठेवलेल्या पण न लागणाऱ्या खोल्या सोडून द्यायची तारीख, केटररला माणसांचा आकडा द्यायची तारीख, वक्त्यांची तिकिटं काढायची तारीख, छपाईला फाइल द्यायची तारीख. प्रत्येक ओळीपुढे रक्कम.

हे कोष्टक समोर असलं की बैठकीतला प्रश्नच बदलतो. "साथ वाढेल का?" याचं उत्तर बैठकीतल्या कोणाकडेच नसतं, तिथे विषाणुतज्ज्ञ बसले असले तरी. "रविवारनंतर वाट पाहिली तर किती जातील?" याचं उत्तर मात्र एका आकड्यात देता येतं. आमच्याकडे कोष्टक असतं तर ती बैठक होळीच्या आधी झाली असती. एवढं मी खात्रीने सांगते.

त्या वर्षीचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. अमेरिकन फिजिकल सोसायटीची मार्च बैठक २ मार्च २०२० पासून डेन्व्हरला भरायची होती. दहा हजारांहून जास्त भौतिकशास्त्रज्ञ अपेक्षित होते. २९ फेब्रुवारीच्या रात्री, म्हणजे दोन दिवसही उरले नसताना, ती रद्द झाली. तोवर कितीतरी लोक शहरात पोचले होते, काही विमानात होते. निर्णय बरोबरच होता. पण तो इतक्या उशिरा आला की सगळा भार प्रवाशांवर पडला. तुमच्या दिनदर्शिकेत म्हणून आणखी एक तारीख हवी: सर्वांत लांबून येणारा पाहुणा घरातून कधी निघतो? त्या तारखेच्या किमान दोन आठवडे आधी निर्णय झालेला असला पाहिजे.

पायरी २: निर्णय कोण घेणार, आणि कशावर

तीस जणांची संयोजन समिती हा निर्णय घेऊ शकत नाही. पाच माणसं ठरवा: संस्थाप्रमुख, अध्यक्ष, सचिव, खजिनदार, आणि परिषद ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नावाने आहे तिचा एक प्रतिनिधी. ही निवड पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. साथ अंगावर आल्यावर अधिकार वाटायला बसलं की मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची यावरच दिवस जातो. आपण पहिले बोललो तर पैसे आपले बुडतील, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याने बोलायची वाट बघतो. हॉटेल तुमची, तुम्ही सरकारची.

पाच जणांपुढे चार प्रश्न ठेवा. परदेशी पाहुणे आत येऊ शकतील का? आले तर परत जाऊ शकतील का, की त्यांच्या देशात विलगीकरण आहे? इथे कोणी आजारी पडलं तर खाट मिळेल का? आणि तेवढ्या माणसांना एकत्र बसवायची परवानगी आहे का? दोन प्रश्नांची उत्तरं "नाही" किंवा "सांगता येत नाही" अशी आली तर पुढे ढकला. विलगीकरणाचा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. आमचं सगळं लक्ष लोक येतील का याच्यावर होतं.

परवानगीचा मुद्दा नवी मुंबईत जरा गुंतागुंतीचा आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली हा भाग नवी मुंबई महापालिकेचा, जिल्हा ठाणे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा पनवेल महापालिकेचा, जिल्हा रायगड. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे नवी मुंबईचंच. साथरोग अधिनियम १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ खालचे आदेश जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त काढतात. परिषद वाशीत आणि पाहुण्यांची सोय खारघरच्या अतिथीगृहात असेल, तर तुम्हाला दोन जिल्ह्यांचे आणि दोन महापालिकांचे आदेश वाचावे लागतील. एका माणसाला हेच काम द्या. रोज संध्याकाळी त्याने चारही ठिकाणचे आदेश बघायचे आणि प्रती एका फोल्डरमध्ये ठेवायच्या. हे आदेश पुढे हॉटेलशी, अनुदान देणाऱ्यांशी आणि लेखापरीक्षकांशी बोलताना पुरावा म्हणून लागतात.

पायरी ३: पुढे ढकलायची, ऑनलाइन न्यायची की रद्द करायची

तिन्ही पर्याय खरे आहेत, आणि "पुढे ढकलू" हे उत्तर नेहमीच बरोबर असतं असं नाही. आपल्याला रद्द म्हणायला जड जातं, म्हणून आपण पुढे ढकलतो आणि भिजत घोंगडं ठेवतो.

३६वी आंतरराष्ट्रीय भूविज्ञान काँग्रेस आठवा. १९६४ नंतर पहिल्यांदा ती भारतात होणार होती, २ ते ८ मार्च २०२० ला, दिल्लीजवळ. ती पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि शेवटी मार्च २०२२ मध्ये तीन दिवसांची ऑनलाइन झाली. एवढ्या मोठ्या तयारीचं असं होऊ शकतं, तर लहान परिषदेने एक नियम स्वतःला घालून घ्यावा: एकदाच पुढे ढकलायची. दुसऱ्यांदा वेळ आली तर ऑनलाइन किंवा रद्द.

विषय लवकर शिळा होणारा असेल, किंवा पीएच.डी.चे बरेच विद्यार्थी असतील, तर निदान पोस्टर आणि तरुणांची व्याख्यानं लगेच ऑनलाइन घ्या. वेळ निवडताना भारतीय वेळ धरून गणित करा. संध्याकाळी साडेसहाला इथे सुरू केलं तर उन्हाळी वेळेत लंडनला दुपारचे दोन, न्यूयॉर्कला सकाळचे नऊ आणि टोकियोला रात्रीचे दहा वाजलेले असतात. तीन तासांच्या वर एका दिवशी घेऊ नका.

पायरी ४: पहिले २४ तास

निर्णय झाला की सगळ्यांना एकदम ईमेल पाठवायचा मोह होतो. थांबा. क्रम असा ठेवा.

सगळ्यात आधी प्रवासात असलेल्यांना आणि पुढच्या ४८ तासांत निघणाऱ्यांना फोन. ईमेल नाही, फोन. मग मूळ संघटना आणि मुख्य वक्ते. मग हॉटेल, केटरर, छपाईवाले. त्यानंतर सर्व सहभागींना ईमेल, आणि त्याच मिनिटाला संकेतस्थळावर सूचना. सोशल मीडिया सगळ्यांत शेवटी.

१२ मार्चच्या सकाळी मला एका आफ्रिकी देशातल्या पीएच.डी.च्या मुलीचा फोन आला. तिने बातमी वाचली होती. "मॅडम, मी विमानतळावर जाऊ की नको?" एवढंच तिने विचारलं. तिचं तिकीट परत न मिळणाऱ्या प्रकारातलं होतं. एका वर्कशॉपसाठी लवकर यायचं म्हणून विभागाकडून उसने पैसे घेऊन तिने ते काढलं होतं. आमच्या यादीत तिचं नाव ३८ पैकी एकतिसावं होतं, कारण यादी ज्येष्ठतेने केली होती. मुख्य वक्त्यांना आम्ही आदल्या रात्रीच कळवलं होतं. तेव्हापासून मी यादी प्रवासाच्या तारखेने लावते.

ईमेलमध्ये काय असावं? परिषद ठरल्या तारखांना होणार नाही, हे पहिल्याच वाक्यात. कारण एका वाक्यात. प्रवास करू नका, हे स्पष्ट शब्दांत. नोंदणीशुल्काचं आणि स्वीकारलेल्या निबंधांचं काय होणार. आणि सर्वांत महत्त्वाचं, पुढची माहिती कोणत्या तारखेला देणार. नवी तारीख माहीत नसेल तर चालतं. ग्लासगोच्या हवामान परिषदेने, सीओपी२६ ने, १ एप्रिल २०२० ला पुढे ढकलल्याचं सांगितलं आणि नोव्हेंबर २०२१ च्या तारखा २८ मेला जाहीर केल्या. मध्ये दोन महिने गेले. पण "लवकरच कळवू" असं लिहू नका. "३० एप्रिलला कळवू" असं लिहा आणि ३० एप्रिलला खरंच कळवा, अगदी "अजून ठरलेलं नाही, पुढचा निरोप ३१ मेला" एवढंच सांगायचं असलं तरी.

सोबत प्रत्येकाला संस्थेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं एक पानी पत्र द्या: परिषद साथीमुळे पुढे ढकलली, या व्यक्तीचा सहभाग निश्चित होता. विमान कंपनी, विमा कंपनी, विद्यापीठाचा लेखा विभाग, सगळीकडे तेच पत्र चालतं. त्या मुलीच्या विभागाने आमच्या पत्रावर तिचं उसनं माफ केलं.

पायरी ५: परवानग्या आणि व्हिसा

भारतात आंतरराष्ट्रीय परिषदेला सहसा परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी आणि गृह मंत्रालयाची कार्यक्रम मंजुरी लागते. परदेशी पाहुण्यांना परिषद व्हिसा मिळतो तो याच कागदांवर आणि तुमच्या निमंत्रणावर. या मंजुऱ्या ठरावीक तारखांसाठी असतात. तारीख बदलली की जुनी मंजुरी आपोआप पुढे सरकत नाही.

म्हणून पुढे ढकलल्याचं पत्र दोन्ही मंत्रालयांना आणि तुमच्या संबंधित मंत्रालयाला लगेच पाठवा, जुना मंजुरी क्रमांक लिहून. नवी तारीख ठरली की अर्ज नव्याने करा आणि त्यात जुन्याचा संदर्भ द्या. मिळालेला व्हिसा नव्या तारखेला चालेल असं गृहीत धरू नका, पाहुण्यांनाही धरू देऊ नका. निमंत्रणपत्रं नव्या तारखांची, नव्या सहीची, सगळी पुन्हा.

पायरी ६: करार

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात.

करारात दैवी आपत्तीचं कलम (फोर्स मेज्योर, म्हणजे हाताबाहेरच्या संकटात करारातून सूट देणारं) आहे का ते बघा, आणि त्यात "साथ", "महासाथ" किंवा "सरकारी आदेश" यांपैकी कोणता शब्द आहे ते बघा. असं कलम असेल तर भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम ३२ लागू होतं, म्हणजे करारात लिहिलंय तसं. कलमच नसेल तर कलम ५६ चा आधार घ्यावा लागतो: करार पाळणं अशक्य झालं तर तो रद्दबातल होतो, आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेला फायदा परत करावा लागतो. पण "अशक्य" आणि "महाग किंवा गैरसोयीचं" यांत न्यायालयं फरक करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात नुसता खर्च वाढला म्हणून सुटका नाही, हे स्पष्ट केलं आहे. म्हणून तुम्ही सरकारी आदेशाच्या आधी पुढे ढकललंत तर कायद्याच्या नजरेत तो तुमचा स्वेच्छेचा निर्णय ठरू शकतो. माणसांच्या दृष्टीने लवकर ठरवणं बरोबर, आणि कराराच्या दृष्टीने तेच धोक्याचं. हा पेच खरा आहे. त्यातून वाट एकच: करार करतानाच "नैसर्गिक आपत्ती, साथ किंवा शासकीय निर्बंध यांमुळे १८ महिन्यांच्या आत एकदा तारीख विनाशुल्क बदलता येईल" हे वाक्य घालून घ्या. आज, साथ नसताना, बहुतेक जण ते घालू देतात.

सरकारी संस्थांना एक आधार २०२० मध्ये मिळाला होता. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने १९ फेब्रुवारी २०२० च्या ज्ञापनात कोरोनाला नैसर्गिक आपत्ती धरून दैवी आपत्तीचं कलम वापरता येईल असं म्हटलं. असा कागद निघतो का, यावर लक्ष ठेवा.

भांडायच्या आधी जाऊन भेटा. हॉटेलचे व्यवस्थापकही त्याच संकटात असतात. आम्ही निम्मी रक्कम परत मागण्याऐवजी पूर्ण रक्कम पुढच्या तारखेसाठी जमा ठेवायला सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं. हे तोंडी ठेवू नका. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा पुरवणी करार करा: किती रक्कम, कोणत्या मुदतीपर्यंत, दर वाढला तर कोण भरणार, आणि हॉल तेव्हा उपलब्धच नसला तर काय. शेवटचा मुद्दा काल्पनिक नाही. वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र २०२० मध्ये महापालिकेचं कोविड रुग्णालय झालं. जिथे प्रदर्शनं आणि परिषदा भरायच्या तिथे खाटा लागल्या.

विम्याबद्दल: २००३ च्या सार्सनंतर बऱ्याच विमा कंपन्यांनी कार्यक्रम रद्द होण्याच्या विम्यातून संसर्गजन्य रोग वगळले. पॉलिसीतला अपवादांचा भाग आधी वाचा. विम्बल्डनच्या आयोजकांनी महासाथीचं कलम मुद्दाम घेऊन ठेवलं होतं, म्हणून २०२० ला स्पर्धा रद्द झाल्यावर त्यांना भरपाई मिळाली. आपल्या बजेटात तो हप्ता बसेलच असं नाही, पण विचारून बघायला पैसे लागत नाहीत.

लहान विक्रेत्यांचं वेगळं. केटरर, मंडपवाले, पिशव्या शिवणाऱ्या बायका यांच्याशी करार नसतो, शब्द असतो. तुर्भ्यातल्या बचत गटाने आमच्यासाठी ३०० कापडी पिशव्या शिवल्या होत्या आणि त्यांवर परिषदेचं नाव आणि "एप्रिल २०२०" छापलं होतं. माल तयार, परिषद नाही. गटाच्या ताई म्हणाल्या, "मॅडम, पैसे नंतर दिले तरी चालतील." चालणार नव्हतं, हे त्यांना आणि मला दोघींनाही कळत होतं. टाळेबंदी लागायच्या आत आम्ही पूर्ण पैसे दिले. पहिल्याच यादीत अशा लोकांची नावं वेगळी काढा आणि त्यांचा हिशोब आधी मिटवा. आणि पिशवी, बॅज, बॅनर, काहीही असो, त्यावर वर्ष छापू नका.

पायरी ७: नोंदणीशुल्क आणि अनुदान

सहभागींना दोन पर्याय द्या: शुल्क नव्या तारखेसाठी ठेवा, किंवा परत घ्या. उत्तर द्यायला एक महिना द्या. उत्तर आलंच नाही तर काय होईल तेही आधी सांगा. आमचं मत असं झालं की उत्तर न देणाऱ्या विद्यार्थ्यांचे पैसे परतच करावेत, कारण पुढच्या वेळी ते विद्यार्थी असतीलच असं नाही.

परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने जातो. परदेशी कार्डांवर विनिमय दराचा फरक पडतो आणि पेमेंट गेटवेचा खर्च बहुधा परत मिळत नाही. तो संस्थेने सोसायचा की सहभागीने, हे आधी ठरवा. जीएसटी नोंदणी असेल तर: फक्त आगाऊ रक्कम घेऊन पावती व्हाउचर दिलं असेल आणि सेवा दिलीच नाही, तर परतावा व्हाउचर काढायचं. बीजक दिलं असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे बीजकातली रक्कम कमी केल्याचा कागद, आणि तिला मुदत असते: आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्राची तारीख, जी आधी येईल ती. खजिनदारांना हे पहिल्याच आठवड्यात सांगा, कारण बऱ्याच परिषदा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि वर्ष मध्येच पालटतं.

सरकारी अनुदानाचंही तसंच. देणाऱ्या विभागाला लगेच लिहून मुदतवाढ मागा. झालेल्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला जीएफआर १२-अ हा नमुना, आणि शिल्लक रकमेवरचं व्याज याचा हिशोब ठेवा. व्याज तुमचं नसतं, सरकारजमा करावं लागतं. परदेशी संस्थेची देणगी असेल तर विदेशी अंशदान कायद्याचे जाणकार असलेल्या सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय एक रुपयाही दुसऱ्या कामाला वळवू नका.

पायरी ८: निबंध आणि तरुण संशोधक

स्वीकारलेला निबंध स्वीकारलेलाच राहतो, हे लेखी द्या. पुन्हा परीक्षण नाही. पण लेखकाला तो मागे घेऊन दुसरीकडे पाठवायची पूर्ण मोकळीक द्या, कारण दीड वर्षात विज्ञान थांबत नाही. सारांशांचं पुस्तक शक्य असेल तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) घेऊन ठरल्या महिन्यातच काढा. नोकरीच्या किंवा पोस्ट-डॉकच्या अर्जात त्या वर्षीचा उल्लेख लागतो, आणि परिषद पुढे गेली म्हणून कोणाचं एक वर्ष कोरं राहू नये.

पायरी ९: नवी तारीख

तारीख निवडताना आपल्याकडचं पंचांग आणि जगाचं कॅलेंडर, दोन्ही लागतात. जून ते सप्टेंबर नको. जुलैत हार्बर लाइन पाण्यात गेली की वाशी गाठणं कठीण. गणपतीत हॉल मिळेल, माणसं मिळणार नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि ठाण्या-वाशीतले हॉल भरतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा युरोपीय लोक येत नाहीत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चिनी नववर्ष येतं. त्याच विषयाच्या इतर परिषदाही पुढे ढकलल्या गेलेल्या असतात, त्यांच्या सचिवांना फोन करून तारखा जुळवा. आमच्या हाती शेवटी डिसेंबर २०२२ चा दुसरा आठवडा लागला.

पायरी १०: हस्तांतराची फाइल

पुढे ढकलणं आणि भरवणं यांत वर्ष-दोन वर्षं जातात. खजिनदार निवृत्त होतात, सचिवांची बदली होते, विद्यार्थी स्वयंसेवक नोकरीला लागतात. म्हणून सगळे करार, आदेशांच्या प्रती, परताव्यांची यादी, प्रवासाच्या तारखेने लावलेली पाहुण्यांची यादी आणि पासवर्ड एका फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल कोणाकडे आहे हे संस्थाप्रमुखांना लेखी कळवा. संकेतस्थळाच्या डोमेनचं नूतनीकरण त्यात लाल शाईने लिहा. आमचं डोमेन एका विद्यार्थ्याच्या वैयक्तिक ईमेलवर घेतलेलं होतं. २०२१ मध्ये ते संपलं. त्याला स्मरणपत्रं येत होती, पण तो तेव्हा दुसऱ्या देशात होता आणि ते ईमेल खातं उघडत नव्हता. तीन आठवडे आमच्या पाहुण्यांना त्या पत्त्यावर कोरं पान दिसत होतं, आणि त्यातल्या दोघांनी परिषद रद्द झाली असं समजून दुसरीकडे होकार कळवला.